जिनिंगच्या पाटीवरची इंग्रजी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या लहानपणी कापसाचा हंगाम सुरू झाला की दिग्रसचे रूपच पालटून जात असे. दिवाळीच्या मागेपुढे कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग जिनापासून थेट सडकेपर्यंत लागे. गाडीवान गाडीखालच्या सावलीत भाकरी सोडून बसत, बैल कडबा चघळत उभे राहत, आणि आम्ही पोरे त्या गाड्यांमधून वाट काढत शाळेला जात असू. जिनाच्या फाटकावर पत्र्याची एक लांबलचक पाटी होती. वर मालकाचे नाव मराठीत आणि खाली इंग्रजीत एक ओळ. पाचवीत इंग्रजी सुरू होऊन अक्षरे ओळखता येऊ लागली, तेव्हा ती ओळ वाचणे हा आमचा एक खेळच होऊन बसला. ही गोष्ट साठ-बासष्ट सालची.

माझ्याबरोबर जवळच्या तांड्यावरचा एक मुलगा असे. एके दिवशी पाटीपुढे उभा राहून, एकेका अक्षरावर बोट दाखवत त्याने मोठ्याने वाचले, ‘‘कॉटन गिनिंग!’’ फाटकाजवळ बसलेली गाडीवान मंडळी खदखदून हसली. ‘‘अबे, गिनिंग नाही, जिनिंग हाय थे!’’ ज्यांना इंग्रजीचे एक अक्षरही येत नव्हते त्यांना शब्द बरोबर येत होता, आणि ज्याला अक्षरे येत होती तो चुकला होता. दोस्त माझा खजील झाला, पण गप्प बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने विचारलेच, ‘‘गुरुजी, ‘जी’चा ‘ग’ होते म्हनलं तुमी. मंग जिनिंगमधी ‘ज’ काहून होते?’’

गुरुजी म्हणाले, ‘‘ते तसंच असतं. पाठ कर.’’ त्याने पुन्हा ‘‘काहून?’’ म्हटले, तेव्हा उत्तर फूटपट्टीने मिळाले.

पुढे आठवीत तो इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. मी मात्र शिकलो आणि गंमत अशी, की आयुष्यभर इंग्रजीच शिकवत राहिलो. खरे सांगायचे तर पहिली कितीतरी वर्षे ‘काहून’ विचारणाऱ्या पोरांना मीही तेच उत्तर देत होतो. फूटपट्टी उचलली नाही, एवढाच काय तो फरक. आज त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. ‘इंग्रजी फार अवघड’ असे आपण सगळेच म्हणतो. पण ती खरोखरच अवघड आहे का? युरोपातल्या इतर भाषांपेक्षा अवघड आहे का? आणि असेल, तर कुठे आणि कशामुळे?

प्रथम आपली पाटीच पुन्हा वाचू या. ‘कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरी’. आपल्या दृष्टीने हे सगळे शब्द इंग्रजी. पण त्यांची कुळे पाहिली तर चित्र वेगळे दिसते. ‘कॉटन’ हा मूळचा अरबी शब्द, ‘कुत्न’. तो अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाने फिरला आणि फ्रेंचांकडून इंग्रजीत आला. ‘जिन’ म्हणजे ‘एंजिन’चे लघुरूप, तोही फ्रेंचांचा, आणि त्यामागे लॅटिन. ‘प्रेस’ फ्रेंचांकडूनच आलेला. ‘फॅक्टरी’चे मूळ लॅटिन. सबंध ओळीत इंग्लंडच्या मातीतला अस्सल शब्द एकच, तो म्हणजे ‘अँड’. जर्मन भाषेतला ‘उंट’ त्याचा सख्खा भाऊ. त्याचाही अर्थ ‘आणि’.

असे का झाले? त्यासाठी १०६६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले. पुढची दोन-तीनशे वर्षे राजदरबार, न्यायालय आणि मोठ्या घरांमध्ये फ्रेंच चालत राहिली, तर शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी इंग्रजी. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. वऱ्हाडात नांगर, वखर, भाकर, वासरू हे शब्द आपले. पण तहसील, वकील, फिर्याद, मुद्दत, जमानत हे फारसी-अरबीकडून आलेले. ज्याचे राज्य त्याचे शब्द कचेरीत बसतात आणि तिथून हळूहळू घरात येतात. इंग्रजीत नेमके तेच झाले, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

आता ‘जी’ या अक्षराकडे येऊ. जुन्या लॅटिनमध्ये त्याचा उच्चार नेहमी ‘ग’ होता. पुढे लॅटिनच्या लेकी वेगवेगळ्या घरी नांदू लागल्या, तसा ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांपुढे हा ‘ग’ मऊ होत गेला. इटालियनमध्ये त्या जागी ‘ज’ झाला आणि तो तिथे नेहमी ‘ज’च असतो. ‘ग’ हवा असेल तर इटालियन माणूस ‘जी’नंतर ‘एच’ लिहितो, ‘घेट्टो’ शब्दात लिहितात तसा. वाचणाऱ्याला आधीच इशारा मिळतो. स्पॅनिशमध्ये ‘इ’ आणि ‘ए’पुढे तो घशातून काढलेल्या ‘ख’सारखा होतो, आणि ‘ग’ हवा असेल तर मध्ये ‘यू’ घालतात. फ्रेंचमध्ये तो मऊ ‘झ’ होतो. जर्मनांनी मात्र आपल्या शब्दांच्या आरंभी ‘ग’ तो ‘ग’च ठेवला. म्हणजे चारही भाषांचा कायदा वेगवेगळा; पण प्रत्येक भाषेचा आपल्या घरापुरता कायदा ठरलेला.

इंग्रजीच्या घरात दोन कायदे एकदम नांदतात. ‘गिव्ह’, ‘गेट’, ‘गिफ्ट’, ‘बिगिन’ हे जुने घरचे किंवा उत्तरेकडून आलेल्या डेन्मार्क-नॉर्वेच्या लोकांचे शब्द, त्यात ‘ग’. ‘जिन’, ‘जायंट’, ‘जिंजर’ हे फ्रेंचांच्या दारातून आलेले, त्यात ‘ज’. त्यातला ‘जिंजर’ म्हणजे आपले आले. त्याची वाट मागे धरत गेलो, तर ती ग्रीस-रोममार्गे भारतात, संस्कृतातल्या ‘शृंगवेर’ शब्दापर्यंत येऊन पोहोचते. तेव्हा माझ्या दोस्ताच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले असते. ‘जिन’ हा पाहुणा शब्द आहे, त्याने आपल्या गावचा उच्चार सोडला नाही. हा नियम शंभर टक्के चालतो असे नाही. पण ‘ते तसंच असतं’ यापेक्षा तो नक्कीच बरा. अशीच गंमत ‘सी-एच’ची. ‘चेअर’मध्ये ‘च’, फ्रेंचांकडून आलेल्या ‘मशीन’मध्ये ‘श’ आणि ग्रीक मुळाच्या ‘केमिस्ट’मध्ये ‘क’.

मग कोणी म्हणेल, शब्द बाहेरून आले तर आले. लिहायची पद्धत एकसारखी का केली नाही? इथे दुसरा घोटाळा झाला. इ. स. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. छापील अक्षर आले की लिहिण्याची तऱ्हा हळूहळू गोठते. पण त्याच सुमारास, साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत, इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. आजचा ‘टाइम’ पूर्वी ‘टीम’सारखा उच्चारत, ‘हाउस’ला ‘हूस’ म्हणत, ‘नेम’चा उच्चार ‘नामे’च्या जवळचा होता. लिहिणे जुन्या उच्चाराचे राहिले आणि बोलणे पुढे निघून गेले. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभीचा ‘के’ आणि पोटातले ‘जीएच’ आज आपल्याला निव्वळ छळ वाटतात. पण एके काळी इंग्रज माणूस ते सगळे उच्चारत होता. जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद ‘क्नेख्ट’ आजही ती सगळी अक्षरे उच्चारतो.

काही अक्षरे तर विद्वानांनी मागाहून मुद्दाम घुसवली. ‘डेट’ म्हणजे कर्ज. त्यात न उच्चारला जाणारा एक ‘बी’ आहे. तो फ्रेंचांकडून आला तेव्हा नव्हता; लॅटिन ‘डेबितुम’शी नाते दाखवण्यासाठी पंडितांनी तो घातला. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे सांगितले तर तो म्हणेल, बरोबरच आहे, कर्जात बी असायचेच!

इतर देशांनी आपापले घर वेळोवेळी झाडून घेतले. इटलीत १५८३ साली भाषेची अकादमी स्थापन झाली आणि तिचा कोश १६१२ मध्ये निघाला. फ्रान्सची अकादमी १६३५ ची, स्पेनची १७१३ ची. स्पॅनिश अकादमीने अठराव्या शतकातच लेखनाचे नियम घालून दिले आणि पुढे वरचेवर दुरुस्त केले. जर्मनांनी १९०१ मध्ये परिषद भरवून लेखन एकसारखे केले आणि १९९६ मध्ये पुन्हा सुधारले. पोर्तुगालने १९११ मध्ये, रशियाने क्रांतीनंतर १९१८ मध्ये जुनी अक्षरे आणि जुन्या खोडी काढून टाकल्या. इंग्लंडमध्येही जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये अशा संस्थेची सूचना केली होती. ती तशीच राहिली. सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध कोश १७५५ मध्ये आला, पण त्याने प्रचारात असलेले लेखनच बव्हंशी कायम केले. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८२८ च्या कोशात काही शब्दांतली फाजील अक्षरे छाटली. आणि नाटककार बर्नार्ड शॉने तर आपल्या मृत्युपत्रात नव्या वर्णमालेसाठी पैसे ठेवले. त्या वर्णमालेत त्याचे एक नाटक १९६२ मध्ये छापलेही गेले. वापर मात्र कोणी केला नाही.

हा गोंधळ फक्त इंग्लंडपुरता नव्हता, तो आपल्या दारीही आला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला आणि साहेबाने आपली गावे त्याच्या अक्षरांत मांडायला सुरुवात केली. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. ते साहेब कसे लिहीत? वाय, ई, ओ, टी, एम, ए, एल. ‘यवत’चे ‘येओत’ झाले. वऱ्हाडाचे ‘बेरार’ झालेलेच होते. अमरावतीकडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई. म्हणजे इंग्रजांचे लेखन आपल्याला जमत नाही म्हणून आपण खजील होतो. पण आपली नावे इंग्रजांना कुठे नीट लिहिता आली? ते मात्र कधी खजील झाल्याचे ऐकिवात नाही.

आपणही आपले घर झाडले आहे, हे जाता जाता सांगायला हवे. जुन्या मराठी पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘आंत’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजागी असत. १९६२ च्या नियमांनी ते गेले आणि १९७२ मध्ये आणखी नियमांची भर पडली. तरी मराठी सर्वस्वी बोलल्यासारखी लिहिली जाते असे मानायचे कारण नाही. ‘चार’ आकडा आणि गुरांचा ‘चारा’ यांतला ‘च’ आपण एकच लिहितो, उच्चार मात्र वेगळा करतो. दिग्रसचे पोर त्यात कधी चुकत नाही, कारण शब्द त्याच्या कानाने आधी शिकलेला असतो. अक्षर मागाहून येते. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता मूळ प्रश्न. इंग्रजी वाचायला शिकणे इतर युरोपीय भाषांपेक्षा खरोखर अवघड आहे का? याचे चांगले मोजमाप झालेले आहे. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे फिलिप सेमूर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या तेरा भाषांतली मुले शाळेच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी किती शब्द बरोबर वाचतात, हे त्यांनी पाहिले. ग्रीक, फिनिश आणि जर्मन मुले नेहमीचे शब्द जवळजवळ सगळे बरोबर वाचत होती. स्पॅनिश आणि इटालियन मुले शंभरातले पंचाण्णव. फ्रेंच, पोर्तुगीज आणि डॅनिश मुले सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान. आणि ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे अशी स्कॉटलंडची मुले? शंभरातले चौतीस. ही मुले वयाने थोडी लहान होती, हे खरे. पण संशोधकांनी ते हिशेबात घेऊनही निष्कर्ष काढला, की इंग्रजी वाचनाचा पाया पक्का व्हायला इतर बहुतेक भाषांच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो.

श्रोतेहो, यावर क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या मुलाने आईच्या मांडीवर इंग्रजी ऐकली, त्यालाही ती वाचताना पहिल्या वर्षी तीनांतले दोन शब्द चुकतात. मग ज्याने पाचवीपर्यंत इंग्रजीचे वाक्य कधी कानाने ऐकले नाही, त्या तांड्यावरच्या पोराने एक ‘जिनिंग’ चुकवले म्हणून आपण त्याला ‘ढ’ ठरवले.

पण एवढ्यावरून इंग्रजी सर्वच बाबतींत अवघड, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाचन आणि लेखन बाजूला ठेवले तर व्याकरणाचा हिशेब उलटा निघतो. इंग्रजीत टेबलाला, खुर्चीला, सूर्याला लिंग नाही. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तू तो किंवा ती. जर्मनमध्ये तर आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. डेर, डी, डास, म्हणजे जणू तो, ती, ते. पण आपला अंदाज तिथे चालत नाही. जर्मनांचा सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. जर्मनमध्ये मुलगी, ‘मेडशेन’, ही नपुंसकलिंगी आहे याची सगळे जग थट्टा करते. मराठी माणसाने करू नये. तिथला ‘शेन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे, आणि आपलेही वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू नपुंसकलिंगीच असते. जर्मन माणूस एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतो. आपल्या ‘एकवीस’मध्येही एक आधी आणि वीस मागून. फ्रेंच माणूस ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतो. आमच्याकडची जुनी माणसे ‘चार इसा’ म्हणत, ते हेच.

इंग्रजी क्रियापदाला फारशी रूपे नाहीत. ‘आय गो, यू गो, दे गो’, बदल काय तो ‘ही गोज’ला. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या पायऱ्या नाहीत. सगळ्यांना एकच ‘यू’. उलट स्पॅनिश क्रियापदाची रूपे पाठ करता करता दमछाक होते. मग इंग्रजीत अवघड काय? ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे ते, कारण मराठीत तशी वस्तूच नाही. ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’ अशा जोडशब्दांत एका चिमुकल्या शब्दाने अर्थ कुठल्या कुठे जातो ते. आणि स्वर. स्पॅनिशमध्ये स्वरध्वनी पाच आणि स्वरांची अक्षरेही पाच. इंग्रजीत अक्षरे पाच, पण ध्वनी वीसच्या घरात. तो ‘बॅट’ आणि तो ‘बॉल’ लिहिण्यासाठी आपल्या देवनागरीलाही अर्धचंद्र डोक्यावर घ्यावा लागला.

म्हणजे प्रत्येक भाषेचा चढ वेगळ्या ठिकाणी आहे. जर्मनचा चढ पायथ्याशीच लागतो. तो एकदा चढलो की पुढची वाट सपाट. इंग्रजीचे पहिले चार पावले बोलणे सोपे, पण लेखन-वाचनाच्या वाटेवर शेवटपर्यंत दगड. आणि आपण आमच्या पोरांना नेमके त्या दगडांवरूनच आधी चालायला लावले. कानावर भाषा पडण्याआधी स्पेलिंग, आणि बोलण्याआधी व्याकरण. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी दिली, तिचे ऋण मोठे आहे. पण तिचा उपयोग ज्याच्याभोवती इंग्रजी वाजत होती त्याला जास्त झाला. शांततेत बसून नुसते डोळ्यांनी शिकणाऱ्याला ती फार खडतर पडली. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटल्याचे श्रेय विष्णुशास्त्री चिपळूणकरांना दिले जाते. ते दूध आपण पोरांना प्यायला न देता त्याचे नुसते वर्णन पाठ करायला लावले.

अंतराचाही हिशेब मांडू या. अमेरिकी सरकार आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना परभाषा शिकवते. तिथला अनुभव असा, की इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला स्पॅनिश कामापुरती यायला साधारण सहाशे ते साडेसातशे तास लागतात, तर हिंदी यायला सुमारे अकराशे. तीही सुशिक्षित, प्रौढ माणसे. वर्ग लहान, आणि दिवसभर दुसरे काम नाही. हिंदी त्यांना जेवढी दूर, तेवढीच इंग्रजी आपल्याला दूर असणार. आता आपल्या शाळेचे पाहा. रोज पस्तीस मिनिटांची एक तासिका धरा, वर्षाचे दोनशे दिवस धरा. वर्षाला सुमारे एकशे सतरा तास झाले. पाचवी ते दहावी सहा वर्षे, म्हणजे सातशे तास. तेही साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, जिथे एका मुलाच्या वाट्याला तोंड उघडायला दिवसाला अर्धे मिनिटही येत नाही. अकराशे तासांची वाट सातशे तासांत चालायला लावायची आणि पोहोचला नाही की म्हणायचे, पोराचे डोकेच नाही!

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली, तेव्हा तास वाढले. निर्णयावर तेव्हा बराच वाद झाला. पण तास वाढवून पद्धत तीच राहिली, तर दगडच जास्त काळ उचलायचे एवढाच फायदा. लहान मुलाचे कान तीक्ष्ण असतात. त्या वयात गाणी, गोष्टी, बोलणे आधी आणि स्पेलिंग मागाहून, असे झाले तरच पहिलीपासूनच्या इंग्रजीला अर्थ आहे.

कानाची ताकद किती मोठी आहे, हे आपल्या बाजारातच पाहा. बाजार समितीत कापसाचा ‘लिलाव’ होतो. हा शब्द पोर्तुगीज आहे. घराची ‘चावी’, महिन्याचा ‘पगार’, कपड्यांची ‘इस्त्री’, गवंड्याचे ‘घमेले’, हे सगळे पोर्तुगीजांचे. पोर्तुगीजांचे राज्य गोव्यात आणि किनारपट्टीवर. दिग्रस तिथून शेकडो मैल दूर. कोणत्याही शाळेत कोणी स्पेलिंग पाठ केले नाही. शब्द तोंडातोंडी घाट चढून आले, मराठी झाले आणि वऱ्हाडात येऊन बसले. ‘टेसन’, ‘डागदर’, ‘लालटेन’ हे इंग्रजी शब्दही असेच कानाने आले. फाटकावरच्या त्या गाडीवानांना ‘जिनिंग’ बरोबर येत होते, ते याच वाटेने.

आणि आता माझ्या दोस्ताविषयी. घरी तो गोरमाटी बोले. आईला ‘याडी’ म्हणे. आमच्याशी वऱ्हाडी बोले, बाजारात हिंदी-उर्दू. शाळेची पुस्तकी मराठी ही त्याची आधीच तिसरी-चौथी भाषा होती, आणि ती तो निमूटपणे शिकला होता. पुढे त्याने ट्रक चालवला. आदिलाबाद, हैदराबादच्या फेऱ्या करता करता तेलुगूही सफाईने बोलू लागला. पाच भाषा बोलणाऱ्या या माणसाच्या प्रगतिपुस्तकावर भाषेच्या नावाने लाल रेघ होती. आपल्या जिल्ह्यात गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलणारी अशी किती पोरे त्या लाल रेघेखाली शाळेबाहेर गेली असतील, याचा विचार केला की मास्तर म्हणून मान खाली जाते.

त्याची नात परिचारिका झाली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरापोरींत जर्मन शिकण्याची हवा आहे. ही पोरगीही पुण्यात राहून जर्मन शिकते. मागे सुटीत आली, तेव्हा आम्ही तिघे ओसरीवर बसलो होतो. मी विचारले, ‘‘काय ग, इंग्रजी अवघड का जर्मन?’’ ती म्हणाली, ‘‘आजोबा, जर्मन वाचाले एकदम सोपी. जसं लिहिलं तसं वाचाचं. पण शब्दाचं लिंग पाठ करता करता जीव जाते.’’ त्यावर माझा दोस्त हसून म्हणाला, ‘‘म्हंजे मी जर्मनीत असतो त पास झालो असतो म्हना!’’

हसण्यावारी नेले खरे, पण मला राहवले नाही. साठ वर्षांपूर्वीचा प्रश्न मी पुन्हा काढला आणि त्याला सगळे सांगितले. नॉर्मंडीचा विल्यम, घरचे शब्द, पाहुणे शब्द, ‘जिन’ हा ‘एंजिन’चा तुकडा, आणि फ्रेंचांचा मऊ झालेला ‘ग’. तो लक्ष देऊन ऐकत राहिला. जुने जिन आता बंद आहे, पाटीवरचा रंगही उडाला आहे; पण त्याला ती अक्षरे अजून जशीच्या तशी आठवत होती. माझे बोलणे संपल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला.

मग म्हणाला, ‘‘एवढंच होतं, त तवाच सांगाचं होतं ना.’’

आज जे शिक्षक आणि आईबाप हे ऐकत असतील, त्यांना माझे एवढेच मागणे आहे. मुलाने ‘काहून’ विचारले तर त्याला उत्तर द्या. येत नसेल तर ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणा. पण ‘ते तसंच असतं’ एवढे मात्र म्हणू नका.